मीटरची चौकोनी खिडकी कापायला रोटरी टूलला काय लावायचं? पत्रा, पॉलिकार्बोनेट, अ‍ॅल्युमिनियम

बागवाले_सर, तासगाव

नमस्कार मंडळी,

मी हायस्कूलवर विज्ञान शिकवतो आणि घरची थोडी द्राक्षबाग आहे. बागेच्या मोटारीला एक पॅनेल स्वतः करून बसवलं. ते बघून भावकीतल्या दोघांनी मागितलं, मग गावातून मागणी यायला लागली. आता रविवारी आमच्या सोप्यात हाच कारभार चालतो. टाकी भरली की मोटार बंद करणारं पॅनेल, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा), ड्रिपचा टायमर, जे मागाल ते. रिले, वायरिंग, प्रोग्रॅम यात अडचण नाही. सगळं घोडं पेंड खातं ते डब्याला खिडकी पाडताना.

गोल भोकांचं दुखणं नाही. इंडिकेटर आणि पुश बटणाला २२.५ मिमीचं भोक लागतं, ते स्टेप ड्रिलने देखणं होतं. त्रास चौकोनांचा आहे. ९६ × ९६ च्या मीटरला ९२ × ९२ ची खिडकी, ४८ च्या टायमरला ४५ × ४५, छोट्या रॉकर स्विचला साधारण १९ × १३. आता मीटरची चौकट ९६ ची आणि खिडकी ९२ ची, म्हणजे चारी बाजूंनी फक्त दोन-दोन मिलिमीटर झाकलं जातं. कट त्यापलीकडे गेला की मीटर बसवल्यावरही कोपऱ्यातून ओरखडा डोकावतो, आणि गिऱ्हाईक बाकी काही न बघता बोट बरोबर तिथेच ठेवतं.

माल तीन प्रकारचा. शेतातल्या पॅनेलला लोखंडी पत्र्याचा डबा, १८ गेज म्हणजे १.२ मिमी, वर पावडर कोटिंग. घरगुती टाकीच्या पॅनेलला ३ मिमी जाडीचा पॉलिकार्बोनेटचा डबा, पारदर्शक झाकणाचा. आणि आत बसवायला २ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यातही खाचा कराव्या लागतात. शिवाय टाकीतल्या सेन्सरसाठी ६ मिमीचे एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) रॉड कापायचे असतात.

माझं रोटरी टूल, म्हणजे हातात धरायचं छोटं फिरतं यंत्र, १३० वॅटचं, वेग १०,००० पासून ३३,००० पर्यंत फिरवता येतो. सोबत वेगळा घेतलेला दीडशे नगांचा सेट आहे. त्यातल्या तपकिरी पातळ चकत्या पत्र्यावर चालतात, पण हात जरा तिरका झाला की तुकडे. त्याच चकतीने पॉलिकार्बोनेट कापायला घेतलं तर पुढे कापतं आणि मागे पुन्हा जोडलं जातं, कडेला वितळलेल्या प्लास्टिकची वळकटी उभी राहते. अ‍ॅल्युमिनियमवर चकती थोडी चालते, मग तिची कड आरशासारखी चमकायला लागते आणि कापणंच बंद. सेटमध्ये चकचकीत हिऱ्याच्या चकत्या आहेत, स्टीलच्या दातेरी चकत्या आहेत (त्या लावायची भीतीच वाटते), कसल्या कसल्या आकाराचे बर, म्हणजे दाते असलेली छोटी फिरती टोकं, आहेत. कोणती कशाला, हे डबीवर कुठेच छापलेलं नाही.

तर विचारायचं एवढंच: कोणत्या मालाला काय लावू आणि किती वेगावर? लेझर कटिंगवाल्याकडे पाठवा असं कृपया सांगू नका. महिन्याला दोन-तीन डबे असतात, तेवढ्यासाठी कुणी दारात उभं करत नाही.


विट्याचा_वेल्डर

सर, चार इंची ग्राइंडर घ्या, एक मिमीची कटिंग चकती लावा, दोन मिनिटांत खिडकी. ती खेळणी पोरांना द्या.


मिरज_लॅबवाली

सर, मी मिरजेत दातांच्या लॅबमध्ये आहे. कवळ्या आणि कॅपा बनवते. तुमच्याच यंत्राचा धाकटा भाऊ, आमच्याकडे त्याला मायक्रोमोटर म्हणतात, तो दिवसभर माझ्या हातात असतो. कवळी अ‍ॅक्रिलिकची आणि तिच्या आतला सांगाडा बऱ्याचदा कोबाल्ट-क्रोमचा. म्हणजे प्लास्टिक आणि धातू दोन्ही एकाच बैठकीत. कवळी घासताना तापली तर वाकते आणि मग पेशंटच्या तोंडात बसत नाही, त्यामुळे उष्णतेकडे लक्ष ठेवायची सवय आम्हाला पहिल्या महिन्यातच लागते.

सेटमध्ये दीडशे नग असले तरी कापायच्या तऱ्हा दोनच आहेत. एक घासून, दुसरी दाताने तासून. घासणारी चकती मालाची पूड करते आणि बरीचशी उष्णता मालातच सोडते. दात असलेलं हत्यार कीस काढतं आणि त्या किसाबरोबर पुष्कळ उष्णता बाहेर जाते. लोखंडाला तापण्याचं काही सोयरसुतक नाही, ते ठिणग्या उडवतं आणि कापलं जातं. प्लास्टिकचं तसं नाही. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, अ‍ॅक्रिलिक आणि एबीएस १०५ च्या आसपास, तुमचं पॉलिकार्बोनेट १४७ पर्यंत तग धरतं. भन्नाट वेगाने घासणाऱ्या चकतीच्या कडेला तेवढं व्हायला काहीच वेळ लागत नाही. तुमचा कट मागून परत जुळतो तो त्यामुळे. चकती बदलून उपयोग नाही, तऱ्हाच बदलायला हवी.

पॉलिकार्बोनेटच्या डब्याला मी हे करीन. आधी डब्यावर मास्किंग टेप लावून त्यावर खिडकी आखायची. आखल्या रेषेच्या आत दोनेक मिलिमीटर सोडून ३ मिमीच्या ड्रिलने भोकांची रांग पाडायची, साध्या ड्रिल मशीनने, हळू. मधले पडदे रोटरी टूलला पिळाचा कटिंग बिट लावून कापायचे. मधला तुकडा निघाला की टंगस्टन कार्बाइडच्या कटरने रेषेपर्यंत यायचं. शेवटचं अर्धा मिलिमीटर आणि चारी कोपरे कानशीने. कोपरा कुठल्याही फिरत्या हत्याराने काटकोनात येत नाही, तो हातानेच काढावा लागतो. टूलचा वेग सगळ्यात कमी, १०,०००, फार तर १२,०००. प्लास्टिकचा कीस कोरडा, भुरभुरीत उडत असेल तर वेग बरोबर आहे. दोऱ्यासारखा लांबट, चिकट निघाला की थांबा.

कार्बाइडचा कटर सेटमधला नको. त्यात बऱ्याचदा साध्या स्टीलवर दात पाडलेले असतात, ते प्लास्टिकवर चालतील, पण धातूवर लगेच बोथट होतात. दातांच्या लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात जा, तिथे सुटा कटर मिळतो. त्याच्या मानेवर रंगीत कडं असतं. हिरवं म्हणजे भरड, निळं मध्यम, लाल बारीक. प्लास्टिकला हिरवं घ्या, दातांवर आडवे छेद दिलेलं. त्याच दुकानात कोबाल्ट-क्रोमसाठी निळा किंवा लाल कटर मिळेल, तो पत्र्याच्या कडेवर उभी राहिलेली धारदार किनार काढायला उपयोगी पडेल. फक्त एक लक्षात ठेवा, आमच्या हत्यारांचा दांडा २.३५ मिमीचा असतो. तुमच्या टूलमध्ये आत्ता ३.२ चा कोलेट, म्हणजे दांडा पकडणारी चिमटी, असणार. त्यात हा दांडा पकडला जाणार नाही, आणि पकडल्यासारखा वाटला तरी चालू केल्यावर डगमगेल. २.४ चा कोलेट आधी घ्या, मग कटर.

आणि कटर फिरवायची दिशा. टूल वरून धरलंय आणि खिडकीच्या आतल्या कडेने चाललाय, तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पुढे सरका. उलट गेलात तर कटर कापण्याऐवजी कडेवर चढून पळतो आणि डब्याच्या तोंडावर रेघ ओढून ठेवतो.

आता पत्रा. इथे घासणारी चकतीच बरोबर, पण काचतंतूची जाळी आत घातलेली घ्या. तपकिरी पातळ चकती म्हणजे घासणारे कण आणि राळ, आत काही नाही. ती सरळ रेषेत उत्तम कापते, आडवा जोर आला की कडकन मोडते. जाळीची चकती थोडी वाकते आणि तडा गेला तरी सहसा चारी दिशांना उधळत नाही. मँड्रेलवर, म्हणजे चकती धरणाऱ्या दांड्यावर, बसवताना चकतीच्या दोन्ही बाजूंना कागदी वॉशर हवेत, आणि स्क्रू पुरेसा आवळा, पिळू नका. वॉशर नसले की स्क्रूचा सगळा दाब चकतीच्या मधल्या भोकाभोवती येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. वेग २५ ते ३० हजार, हात अगदी हलका. चकतीला तिच्या वेगाने कापू द्या.

हिऱ्याच्या चकत्या पत्र्याला लावू नका. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो, त्यामुळे लोखंडावर हिऱ्याची धार लवकर जाते. त्या चकत्या फायबरग्लासच्या प्लेटला, काचेला, फरशीला ठेवा. प्लास्टिकवर त्या चोंदतात.

दातेरी चकतीची तुम्हाला वाटणारी भीती रास्त आहे असं मी म्हणेन. पाकिटावर कमाल वेग छापलेला असेल आणि तुमचं टूल त्याच्या खाली चालत असेल तर प्लास्टिकच्या पट्ट्या, केबलची पीव्हीसी पट्टी अशा सरळ कामाला ती छान आहे. वेग छापलेलाच नसेल तर ती चकती यंत्राला लागता कामा नये.

पीव्हीसीबद्दल जाता जाता. ते जळालं की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा वायू निघतो. घसा धरतो आणि शेजारी ठेवलेली लोखंडी हत्यारंही गंजतात. वास आला की वेग कमी करा आणि दार उघडा.


उद्यमनगरी_मिस्त्री, कोल्हापूर

ताईंनी प्लास्टिकचं एक नंबर सांगितलंय, त्यात मला काय भर घालायची नाही. विट्याच्या पावण्यांना एक सांगतो, चार इंची चकतीनं ९२ ची खिडकी पाडता येतीय, पण कोपऱ्याला कट किती पुढं जातोय ते बघा एकदा. आणि १३ मिलिमीटरच्या बाजूला तुम्ही ती चकती घालणार कुठनं?

सर, अ‍ॅल्युमिनियमला घासायची चकती लावायचीच नाही. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतंय, पण त्याच्या लई आधी मऊ होऊन चकतीच्या खरखरीत जाऊन बसतंय. तुम्हाला चमक दिसली ती चकतीची नव्हं, तिच्यावर बसलेल्या अ‍ॅल्युमिनियमची. आता कापणारे कण झाकले गेले, म्हणून माणूस दाबतो. दाबलं की तापतंय, तापलं की आणखी चिकटतंय, आणि शेवटाला चकती फुटती. दुसरं म्हणजे लोखंड कापलेल्या चकतीनं अ‍ॅल्युमिनियम आणि परत लोखंड असं करू नका. लोखंडाचा गंज आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड एका जागी साठली आणि वर ठिणगी पडली, तर ते कसं भडकून पेटतंय हे विज्ञानाच्या सरांना मी सांगायला नको.

दोन मिमीच्या पट्टीला खाच करायची तर हॅक्सॉनं दोन उभे कट, मधला तुकडा छिन्नीनं किंवा पकडीनं मोडा, कानस मारा. झालं. खिडकीच पाहिजे असंल तर मोठ्या दातांचा कार्बाइड बर घ्या, अ‍ॅल्युमिनियमसाठी म्हणून वेगळा मिळतो, त्याला आडवे छेद नसतात आणि दातांमध्ये खोल जागा असती. बारीक दाताच्या बरात अ‍ॅल्युमिनियम भरून बसतंय. अधनंमधनं फिरता बर बंद करून त्याला मेणबत्ती घासायची. आम्ही लेथवर रॉकेल मारतो, पण ते तुमच्या टूलवर करू नका. त्या टूलात कार्बन ब्रश असतात, आत ठिणगी सारखी पडत असती. मेणबत्ती बरी.

एसएसच्या ६ मिमी रॉडला तर टूल काढूच नका. व्हाइसमध्ये पकडा, हॅक्सॉला इंचाला २४ दातांचं चांगलं पान लावा, सावकाश आणि दाबून ओढा. ३०४ जातीच्या स्टेनलेसची खोड अशी की पान नुसतं वरवर घासत राहिलं तर तो भाग कडक होतोय, मग पान बी जातंय आणि तुमचा हात बी. प्रत्येक ओढीला कीस निघालाच पाहिजे. परत येताना पान उचलून घ्या.

पत्र्याची खिडकी मागनं कापा. पॅनेलचं दार बिजागरीतनं काढता येतं, काढा आणि उलटं करून टेबलावर लाकडी पट्टीवर क्लॅम्प मारा. चकती गोल असल्यामुळं तुम्ही ज्या बाजूनं घालता तिकडं कट लांब पडतोय आणि पलीकडं आखूड. मागनं घातली तर लांब कट आत राहतोय आणि गिऱ्हाईकाच्या बाजूला आखूड. कोपऱ्यात जे राहिलं ते कानशीनं पुढनं मागं करून काढायचं. आखणी मागल्या बाजूला करायची, एवढंच ध्यान ठेवा.

दातेरी चकतीबद्दल मात्र ताईंशी माझं जमत नाही. हातात धरून चालवायच्या यंत्राला गार्ड नसताना दातेरी चकती नको म्हणजे नको, वेग छापलेला असो नाहीतर नसो. अडकली की यंत्र हातातनं उसळतंय. सरळ पट्टी कापायला करवत हाय की.


मिरज_लॅबवाली

मिस्त्रीकाका, गार्डचं मान्य. तळपायावर ठेवून सरकवायची, गार्ड असलेली छोटी जोडणी मिळते, तिच्यात बसवूनच म्हणत होते. मोकळ्या हाताने मी पण चालवत नाही.


चांदीकाम_हुपरी

सर, आम्ही चांदीत जाळीकाम करतो, त्यामुळे बारीक खिडक्यांचं आमचं रोजचंच. तुमच्या १९ × १३ च्या रॉकर स्विचला फिरतं हत्यार कशाला? सोनारी करवतीची चौकट घ्या. केसाएवढं पान असतं, ते एका टोकाने सोडवायचं, खिडकीच्या आत पाडलेल्या भोकातून ओवायचं आणि परत ताणून बसवायचं. दात खाली, म्हणजे हाताच्या मुठीकडे आले पाहिजेत, ती ओढताना कापते. पान ताणलेलं असावं, बोटाने छेडलं तर टणकन वाजलं पाहिजे. पॉलिकार्बोनेट, १ मिमीपर्यंत पितळ, दोन मिमी अ‍ॅल्युमिनियम, सगळं कापतं, काही वितळत नाही, रेषेवरून हलत नाही. पानाला मेण लावत राहा. १.२ चा लोखंडी पत्राही कापतं, पण पानं मोडतील, डझनाने आणून ठेवा.

फक्त चौकटीची खोली बघून घ्या. डब्याच्या कडेपासून खिडकी जितकी आत, तितकी खोल चौकट हवी.

आणि हातात धरायच्या टूलपेक्षा आमच्यासारखी टांगायची मोटर घेतलीत तर जास्त सुख. मोटर वर खुंटीला, खाली लवचिक शाफ्ट, हातात फक्त बारीक मूठ, वेग पायाच्या पेडलवर. दुसरा हात माल धरायला मोकळा राहतो.


बागवाले_सर, तासगाव

सगळ्यांचे आभार. एवढं नीट उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

मिस्त्रींच्या "मागून कापा" वर मला राहवेना, म्हणून पायथागोरस मांडून बघितला. चकती २४ मिमीची, त्रिज्या १२. पत्रा १.२ मिमी. चकती पत्र्यात नुसती २ मिमी खोल घातली तर घातलेल्या बाजूला कट १३.३ मिमी लांब पडतो आणि पलीकडच्या बाजूला ८.६. म्हणजे दोन्ही टोकांना २.३ मिमीचा फरक. मीटर झाकतं दोन मिमी. म्हणजे समोरून कापून पलीकडची बाजू पूर्ण तोडली की ओरखडा दिसणारच! आता तीच चकती ५ मिमी खोल घाला. अलीकडे १९.५, पलीकडे १७.५. टोकाला फरक फक्त एक मिमी, मीटरखाली सहज झाकला जातो. म्हणजे खोल घालायची आणि वर मागून घालायची, दोन्ही केलं तर कानशीला फारसं कामच उरत नाही.

यातून आणखी दोन गोष्टी निघाल्या. ३ मिमीच्या पॉलिकार्बोनेटवर ५ मिमी खोल घालूनही टोकाला ३.१ मिमीचा फरक येतो. म्हणजे वितळण्याचा प्रश्न नसता तरी तिथे चकती चालली नसती. आणि १३ मिमीच्या बाजूला १९.५ मिमीचा कट बसूच शकत नाही, म्हणून स्विचच्या खिडकीला चकती बाद. तिथे हुपरीच्या दादांची करवत.

विट्याच्या पावण्यांचंही गणित केलं. १०० मिमीची चकती ५ मिमी खोल घातली तर एकेका टोकाला २.७ मिमी फरक. मीटरच्या मोठ्या खिडकीला मागून घातली तर एक वेळ चालेल, बाकी कशाला नाही. तेव्हा खेळणी काही पोरांना देत नाही.

वेगाचंही बघितलं. २४ मिमीची चकती ३०,००० ला कडेला सेकंदाला साधारण ३८ मीटर जाते. झिजून १५ मिमीची झाली की २४ मीटरच्या खाली येते. शेवटी शेवटी चकती कापत नाही असं वाटतं आणि हात आपोआप दाबतो, ते यामुळे असावं. झिजलेली चकती पत्र्याला न वापरता बाजूला काढतो.

आता शेवटची शंका. खोल घालायची म्हणजे ५ मिमी, हे कागदावर ठीक. प्रत्यक्षात टूल आडवं धरलं की त्याचं पोट पत्र्याला टेकतं आणि चकती तिरकी होते. यावर काय करता? आणि कमी वेगावर प्लास्टिक कापताना टूल हाताला गरम लागतं, ते चालतं का?


मिरज_लॅबवाली

सर, गणित झकास. पोट टेकतं हे अगदी खरं, आणि त्याचं उत्तर हुपरीच्या दादांनी देऊन ठेवलंय. २४ ची चकती ५ मिमी खोल गेली की तिचा मध्य पत्र्यापासून फक्त ७ मिमी वर राहतो. हातातल्या टूलचा घेर त्यात मावणं शक्यच नाही. पत्र्याच्या कडेजवळचं काम असेल तर टूल कडेबाहेर लोंबतं ठेवून निभावतं, दाराच्या मध्यावर नाही.

दोन गोष्टी करा. तुमच्या टूलला लवचिक शाफ्ट जोडता येतो का बघा, बहुतेकांना येतो, समोरची नाकाची टोपी काढून तो फिरवून बसवायचा. त्याची मूठ पुढच्या बाजूला बारीक असते. दुसरं, चकती ३८ मिमीची जाळीवाली घ्या. ५ मिमी खोल घातली तरी मध्य १४ मिमी वर राहतो, तेवढ्यात मूठ मावते. तुमच्याच पद्धतीने मांडलं: अलीकडे २५.७, पलीकडे २२.८, टोकाला दीड मिमीच्या आत फरक. ९२ आणि ४५ दोन्ही खिडक्यांना पुरे. स्विचला नाही, ते तुम्ही म्हणालातच.

पण मोठी चकती लावली की वेग उतरवा. ३८ ची चकती ३०,००० ला कडेला ६० मीटरच्या घरात जाते. २०,००० वर ठेवलीत तर जवळपास ४० मीटर, म्हणजे तुमच्या छोट्या चकतीला ३० हजारांवर मिळत होते त्याहून थोडे जास्तच, आणि पत्र्याला तेवढे भरपूर झाले. चकतीवर छापलेला कमाल वेग आणि लवचिक शाफ्टचा कमाल वेग, दोन्ही वाचा आणि त्यातला जो कमी असेल तो पाळा. शाफ्ट कुठेही घट्ट वळवू नका, वळणावर तो तापतो.

गरम लागण्याचं असं आहे की टूलच्या आतला पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. वेग कमी केला की पंखाही हळू फिरतो, आणि तुम्ही त्याच वेळी कामाचा भार देताय. पाच-सात मिनिटं कापून झाली की टूल मालापासून उचला आणि अर्धा मिनिट पूर्ण वेगात मोकळं फिरवा, थंड होतं. पण चकती लावलेली असताना हे करू नका, फक्त बिट किंवा कटर असताना, आणि त्यांचाही कमाल वेग बघून.

नवी चकती बसवली की एकदा तोंडापासून दूर, चकतीच्या रेषेत स्वतः किंवा कुणी पोरं नाहीत हे बघून, मिनिटभर रिकामी फिरवा. तडा गेलेली असेल तर तिथेच कळतं. डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल हवा, नुसता नंबरचा चष्मा पुरत नाही. पावडर कोटिंगचा धूर आणि चकतीची धूळ यांना साधा कापडी रुमाल उपयोगाचा नाही, बारीक धुळीचा मास्क लावा. शाळेत पोरांना शिकवायचा आवाज आहे तुमचा, तो राहू द्या.


उद्यमनगरी_मिस्त्री, कोल्हापूर

शाफ्ट जोडायच्या आधी वायर प्लगमधनं काढा सर. बाकी ताईंनी सांगितलंय तसं.


बागवाले_सर, तासगाव

ठीक. यादी केली: २.४ चा कोलेट, हिरव्या कड्याचा कटर, ३८ ची जाळीची चकती आणि तिला बसेल असा मँड्रेल, लवचिक शाफ्ट, सोनारी करवत आणि पानं. कटर मिरजेतूनच आणतो, तासगावला ते दुकान नाही. पुढचं पॅनेल ९२ च्या दोन खिडक्यांचं आहे, एक व्होल्टला, एक अँपिअरला. दार कापून झालं की मागची आणि पुढची अशा दोन्ही बाजूंचे फोटो इथेच टाकतो.